दगा आप्पांच्या निंबावरची रेंज

रेंज होती ती दगा आप्पांच्या निंबावर. आमच्या विहिरीवर नाही, स्टार्टरच्या पेटीपाशी नाही, खोपीच्या पत्र्यावर चढून पाहिलं तर तिथेही नाही. बांधाच्या पलीकडे हातभर अंतरावर आप्पांचा निंब उभा आहे, त्याच्या फांद्यांत फोन धरला की चारही काड्या भरून. आता याला मी काय करू? टॉवर काय मी उभा केलाय?

मी कोकिळा. लोणखेड्याच्या पुढे आमचं गाव, आणि गावाच्या खाली नदीच्या अंगाला आमचं वावर. घरात सासरे हिलाल आबा, सासू अनुसयाबाई आणि नवरा. नवऱ्याचं नाव आमच्यात घेत नाहीत, पण तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून एकदाच घेते, धर्मेंद्र. ते पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात कामाला आहेत. सकाळी डबा घेऊन जातात, संध्याकाळी येऊन 'पपई कशी शे?' म्हणून विचारतात, जशी काही पपई ही मुक्कामाला आलेली आत्या आहे. शेती आबा करायचे आणि मी त्यांच्या हाताखाली. हाताखाली म्हणजे काय ते कोणत्याही सुनेला विचारा. काम सगळं असतं, नाव कशालाच नसतं.

तर आबा माघात विहिरीच्या काठावर घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, शहाद्याला ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की पाऊस पडेपर्यंत वावराचं नाव काढायचं नाही. ओसरीत खाट टाकली. ज्या माणसाने जन्मात उन्हं वर आल्यावर अंथरूण पाहिलं नाही, तो दिवसभर आढ्याकडे बघत पडायला लागला. जेवताना बोलेना, न जेवता बोलेना. सासूबाई म्हणायच्या, "व माय, ह्या मानूसले आठे ठेवापेक्षा हीरवर ठेवतूत तं बरं व्हतं."

मी म्हटलं, यंदा कापूस नको, पपई लावू. आजूबाजूला सगळ्यांची पपई आहे, आपल्या विहिरीला पाणी आहे, ठिबक आहे, मी आहे. आबांनी आढ्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "लाव. पन अखाजीलोंग उभी ऱ्हायनी तं वावर तुन्हं. नही ऱ्हायनी तं बटाईवर दी टाकसूत."

अखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, पण आमच्याकडे तो नुसता सण नाही. सालदाराचं वर्ष अखाजीला सुरू होतं, वावर बटाईला, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला, द्यायचं ते अखाजीला ठरतं. त्या दिवशी दिलेला शब्द वर्षभर मोडत नाही. आणि बटाईने वावर मागणारा कोण होता? दगा आप्पा. म्हणजे आबांचा चुलतभाऊ, ज्याच्याशी आमचं बोलणं बंद.

हे बोलणं बंद प्रकरण सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आबा म्हणतात आप्पांनी बांध कोरला. आप्पा म्हणतात आबांनी कोरला. बांध बिचारा दोन्हीकडून कोरून कोरून इतका बारीक झालाय की त्याच्यावरून शेळीसुद्धा जपून जाते. मी लग्न होऊन आले तेव्हा भांडण आधीपासून होतं. मलाही आप्पांशी बोलायचं नाही, असं सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं.

पण वावराला वावर लागून आहे, न बोलून कसं भागणार? म्हणून आप्पा आपल्या म्हशीशी बोलायचे. म्हशीचं नाव मोरी. "मोरे, आज लाईट दुपारले येवाव शे बरं," असं ते मोठ्याने म्हणायचे, की आबांना कळायचं. आबाही उत्तर मोरीलाच द्यायचे. "मोरे, त्याले सांग, मले सकाळीच मालूम पडनं." अशी ती म्हैस दोघांचं ऐकून ऐकून शहाणी झाली होती. शिवीसुद्धा तिच्यामार्फतच जायची. बटाईचा निरोपही तसाच आला. मी निंदत होते आणि आप्पा पलीकडून म्हणाले, "मोरे, कोनं वावर पडित पडाव व्हई तं आपन करसूत हां, निमबटाईवर." निमबटाई म्हणजे अर्धं पीक त्यांचं, अर्धं आमचं. मी घरी येऊन आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "म्हशीले एवढं बोलना का तो?" आणि पुन्हा आढ्याकडे बघायला लागले.

पपई लावली. रोपांवर पांढऱ्या कापडाची टोपरी घातली, ठिबकच्या नळ्या अंथरल्या. वावर असं दिसायचं जसं काही लहान पोरांची शाळा भरली आहे. पपईचं रोप लाडावलेलं असतं. ऊन सोसत नाही, जास्त पाणी सोसत नाही, आणि चैत्रात पाण्याची एक पाळी चुकली की मान टाकतं.

पाणी होतं, पण लाईटचं काय? थ्री फेज एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. रात्री वावरात जायचं तर मधे ऊस, आणि उसात बिबट्या. मी बिबट्याला भीत नाही असं सांगायला मला आवडलं असतं, पण मी भिते. म्हणून ह्यांनी मोबाईलचा स्टार्टर आणायचं ठरवलं. घरी बसून फोन लावायचा, एक दाबला की मोटर चालू, दोन दाबला की बंद.

तो बसवायला भटू आला. भटूचं मोटारी भरायचं दुकान आहे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देतो. हात चांगला आहे, तोंड त्याच्याहून चांगलं. डब्याचं झाकण उघडून मला दाखवत म्हणाला, "वहिनी, ही देखा चिप. नखएवढी शे, पन अख्खा मेंदू हाईच. आन हाई सिम. आपला फोनमा ऱ्हास तसंच. म्हनजे मोटरले सोताना नंबर लागना."

"मंग तिले रिचार्ज बी मारना पडी?"

"मारना पडी ना! नही मारा तं उपाशी मरी."

डब्यात एक लाल दिवा होता. तो भराभर लुकलुकत असला म्हणजे डबा टॉवर शोधतोय. संथ लुकलुकायला लागला की समजायचं, सापडला. भटूने सिम टाकलं, वायरी जोडल्या आणि आम्ही तिघं, म्हणजे भटू, मी आणि भाकरी घेऊन आलेल्या सासूबाई, त्या दिव्याकडे बघत बसलो. दिवा जो भराभर लुकलुकला तो लुकलुकतच राहिला. भटूने डबा उचलून विहिरीच्या पलीकडे नेला. तिथे तेच. खोपीवर चढला, पत्रा तापलेला, वरून ओरडायला लागला. मी एका लांब काठीला फोन बांधून वावरभर फिरले. सासूबाई मागून सांगत होत्या, "आजून वर कर. आजून वर. टॉवरले दिसाले पाहिजे."

काठी उंच धरून मी बांधापाशी आले आणि फोन वाजला. बायकोची आठवण झाली म्हणून ह्यांनी केला होता. बोलणं एकदम स्वच्छ. वर पाहिलं तर फोन निंबाच्या फांद्यांत.

भटू खाली उतरला, निंबाकडे पाहिलं, मग बांधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमचं भांडण त्यालाही माहीत होतं. "वहिनी," तो म्हणाला, "आपलं वावर खड्डामा शे. मधमा सगळा केळीना बाग. टॉवर दिसस तो तठूनच. डब्बा बांधजोडे खांबवर बसाडसू, आन अँटेना निंबवर. वायर जास्त लांब कराले जमाव नही, रेंज मधमाच आटी जास."

"दुसरं झाड नही का?"

"तुमनं एक तरी झाड शे का?"

नव्हतं. बांधावरची सावली पिकावर पडते म्हणून आबांनी आमची सगळी तोडली होती.

दुपारी आप्पा जेवायला घरी गेले तेव्हा मी साडी खोचली आणि निंबावर चढले. अँटेना म्हणजे बोटभर जाडीची काळी दांडी. आमच्या बाजूला झुकलेल्या फांदीला ती सुतळीने घट्ट बांधली. खाली भटू म्हणाला, "व्हयनं!" दिवा संथ लुकलुकत होता. मी वरूनच घरी फोन लावला, मग डब्याला लावला, एक दाबला. विहिरीवर धडधड झाली आणि ठिबकच्या नळ्यांत पाणी शिरलं. खरं सांगते, मला निंबावरच नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा निंबाखाली उभे. वर पाहिलं. खाली पाहिलं. वायर कुठे जाते ते डोळ्यांनी मोजत मोजत आमच्या खांबापर्यंत आले. मग मोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मोरे, देख. आपला निंबले कान फुटना. तुले इचारं का कोनी? नही ना? मले बी नही इचारं."

मी टोपरी नीट करत खाली मान घालून म्हटलं, "मोरी, तुन्हा मालकले सांग. फांदी आमना वावरवर शे."

"मोरे, फांदी कोठे बी जावो, खोड कोनं शे?"

"मोरी, सांग बाई, काढी टाकसूत अँटेना तं पपई मरी जाई. पानीबिगर मरी जाई."

आप्पांनी तंबाखू मळली, खाल्ली. "मोरे, झाड आपलं, तं रेंज आपली. रेंज आपली तं त्या मोटरवर आपला बी हात पाहिजे. मन्हा नंबर टाकाले सांग डब्बामा. नही तं मी कोयती आनस."

अहो, ज्याला आमचं वावर पाहिजे, त्याच्याच हातात मोटर द्यायची? पण कोयती तर कोयती असते. संध्याकाळी घरी सांगितलं. ह्यांनी कपाळाला हात लावला. सासूबाईंनी आप्पांच्या सात पिढ्या उद्धरल्या, म्हणजे आमच्याही, कारण पिढ्या एकच. मला वाटलं आबा आता खाटेवरून उठून उभेच राहतील. आबा म्हणाले, "टाक. काय फरक पडस?" आणि त्या दिवशी एक भाकर जास्त खाल्ली. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पण सुनेला सगळं कळलं असतं तर काय पाहिजे होतं!

भटूने आप्पांचा नंबर टाकला. "डब्बाले भाऊबंदकी समजस नही," तो म्हणाला. "त्याले फक्त नंबर समजस." आता डब्यात चार नंबर झाले, माझा, ह्यांचा, आबांचा आणि आप्पांचा. मोटर चालू झाली, बंद झाली, लाईट आली, काहीही झालं की डबा चौघांनाही एकामागून एक फोन करायचा. आत एका बाईचा आवाज. "मोटर चालू झाली आहे." अगदी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध.

आबांचा फोन सासूबाई उचलायच्या. "हा बाई, व्हयनी का चालू? बरं व्हयनं. कथानी व तू? जेवण व्हयनं का?" बाई पुन्हा तेच सांगायची आणि फोन ठेवून द्यायची. सासूबाईंना राग आला. "एवढं इचारस मी, एक शब्द उत्तर देस नही. मोठी तोऱ्यानी शे." मग आबाच फोन उशाशी घेऊन बसायला लागले. आम्हाला वाटलं, बरं झालं, जीव रमतोय.

पहिला आठवडा पाणी छान मिळालं. मग मोटर मधेच बंद पडायला लागली. म्हणजे लाईट आहे, पाणी आहे, आणि मोटर बंद. मी भाकरी थापत असताना फोन यायचा, "मोटर बंद झाली आहे." हात धुऊन मी चालू करायला जावं तर लगेच दुसरा फोन, "मोटर चालू झाली आहे." पुन्हा बंद. पुन्हा चालू. ह्यांना कारखान्यात फोनवर फोन, साहेबांनी विचारलं म्हणे, घरी कोणी आजारी आहे का. भटूला विचारलं. तो म्हणाला, "डब्बा बोलाले लागना की करंट जास्त वढस, अडाप्टर कमजोर पडी जास, आन डब्बा चक्कर इसन पडस." अडाप्टर बदलला. तरी तेच.

ऊन तर असं की डांबराला पाय चिकटायचा. विहिरीजवळच्या ओळी तग धरून होत्या, पण शेवटच्या ओळींना पाणी पोचेना. नळी भरेपर्यंत मोटर बंद. मी टोपरं उचलून पाहिलं तर पानं लोंबलेली, हातात घेतली तर फडक्यासारखी. अखाजी तोंडावर आली होती.

"आप्पाच बंद करतस," मी घरी येऊन म्हटलं. "त्यास्ले वावर पाहिजे ना. पपई मारी टाकतीन आन वावर ली लेतीन."

ह्यांनी मान हलवली. सासूबाईंनी पुन्हा पिढ्या सुरू केल्या. आबा आढ्याकडे बघत म्हणाले, "व्हई, व्हई. तो तसाच शे."

मी ठरवलं, रंगेहाथ पकडायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोटर लावली आणि आप्पांच्या बांधालगतच्या केळीत दबून बसले. आप्पा निंबाखाली घोंगडी टाकून बसलेले, त्यांच्या बाजूला उंचवटा असल्याने तिथे बसूनही रेंज मिळते, मोरी रवंथ करत. आप्पांनी बंडीतून फोन काढला. डोळ्यांपासून लांब धरला, एका बोटाने हळूहळू दाबला, कानाला लावला, मग दोन दाबला. विहिरीवरची धडधड थांबली.

मी उठले. तोंडात इतक्या शिव्या गोळा झाल्या होत्या की कोणती आधी सोडू असं झालं. तेवढ्यात मोटर आपोआप चालू झाली.

आप्पांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि पोट धरून हसायला लागले. "मोरे, उठना! उठना म्हतारा!" पुन्हा फोन दाबला. मोटर बंद. आप्पा कानाशी फोन धरून वाट बघत बसले. थोड्या वेळात मोटर चालू. "देख, देख, चिडना!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं हसून हसून. पुन्हा बंद. पुन्हा चालू.

मी चालू करत नव्हते. हे ड्युटीवर होते. मग उरलं कोण? घरी ओसरीत खाटेवर पडलेला, जेवताना न बोलणारा, आमचा गरीब आजारी आबा!

एवढ्यात विहिरीवरून घरघर ऐकू आली, मग नुसतं गुणगुणणं, आणि मग काहीच नाही. नाकाला करपलेला वास आला. मी धावले. मोटारीतून धूर निघत होता. इतक्या वेळा चालू-बंद केल्यावर कोणती मोटर टिकेल? ह्यांना कळवायला मी रेंजसाठी पळत निंबापाशी आले. फोन वाजला. बाई म्हणाली, "मोटरमध्ये बिघाड आहे." मी म्हटलं, "मालूम शे बाई!" आणि रडायलाच लागले.

आप्पा बांधापर्यंत आले होते. हसू गेलेलं. त्यांनी सवयीने मोरीकडे तोंड वळवलं. "मोरे, काय व्हयनं व?"

"मोरीकडे नका देखू!" मी ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याशी सरळ बोलत होते. "मन्हाकडे देखा, आप्पा! मोटर जळनी. पपई मरी ऱ्हायनी. तुमले वावर पाहिजे व्हतं ना? ल्या! आजच ल्या! अखाजीनी वाट बी नका देखू!"

"कोनले वावर पाहिजे?" आप्पा गोंधळले. मग खाली बसले, तिथेच, बांधावर. "पोरी, मन्ह्या मनमा बी नही ऊनं. बटाईनं बी तो चिडाले पाहिजे म्हनीसन बोलनू. मी तं नुसता त्याले... माघपासून तो ऊना नही. रोज सकाळी मी आठे इसन उभा ऱ्हास, आन बांधवर कोनीच नही. भांडाले बी कोनी नही. पोऱ्या दोन्ही सुरतले. मोरी काय उत्तर देस?" त्यांनी नाक पुसलं. "पहिले दिन सहज बंद करी, तं त्यानी लगेच चालू करी. मी म्हटलं, जित्ता शे. मंग रोजच."

राग तर होताच, तो काही कमी झाला नाही. पण त्या म्हाताऱ्याच्या अंगावर तो टाकवेना, म्हणून मी तो घरी घेऊन गेले आणि आबांच्या अंगावर टाकला.

"मी कोठे बंद करी?" आबा म्हणाले. "बंद तो करे. मी तं चालूच करू."

"आबा, मोटर जळनी!"

"पहिले त्यानी करी." अगदी शाळेतल्या पोरासारखं. मग माझं तोंड पाहून त्यांचा आवाज उतरला. "बेटा, मन्हा हातमा दुसरं ऱ्हायनं काय? फोन वाजे, मले वाटे, बोलाई ऱ्हायना." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सासूबाईंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि पिठाच्या डब्यात ठेवला.

भटू मोटर काढून घेऊन गेला. म्हणाला, अखाजीच्या आधी भरून मिळणार नाही, दुकानात जळक्या मोटारींची रांग लागली आहे. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. तळोद्याहून भाऊ मला अखाजीला माहेरी न्यायला येणार होता, त्याला निरोप पाठवला, येऊ नको. मरणारी पपई टाकून झोके खेळायला कशी जाऊ?

सकाळी वावरात गेले तर आप्पा कुदळ घेऊन बांधावर. बांधाला आडवी चर खोदत होते, आणि त्यांच्या विहिरीवरून काळा पाइप ओढत आणलेला. त्यांच्या मोटारीचं पाणी आमच्या वावरात घ्यायचं तर बांध फोडल्याशिवाय पाइप बसत नव्हता. मी काही म्हणणार तेवढ्यात मागून बैलगाडीचा आवाज आला. गाडीत गादी, गादीवर आबा, आबांच्या मांडीवर काठी, आणि सासूबाई हाकायला. डॉक्टरांचं नाव काढायची कोणाची छाती नव्हती.

आबांनी गाडीतूनच पाहिलं आणि ओरडले, "दग्या! जास्त कोरू नको! पाइपएवढंच कोर!"

आप्पा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "तुन्हाकडनाच कोरी ऱ्हायनू! मन्हाकडे काही ऱ्हायनं कोठे!"

सासूबाई आणि मी एकमेकींकडे पाहत राहिलो. मोरी खाली मान घालून चारा खात होती, तिला कोणी विचारलंच नव्हतं.

पाइपला जोर कमी, ठिबक काही चालेना. म्हणून पाणी टाकीत घ्यायचं आणि डब्याने एकेका रोपाच्या बुडाशी ओतायचं ठरलं. मी आणि सासूबाई एका बाजूने, आप्पा दुसऱ्या बाजूने. आबांना पालथ्या बादलीवर बसवलं, तिथून हाताला येतील तेवढी रोपं त्यांची. झाली की आप्पा त्यांची बादली उचलून पुढे ठेवायचे आणि बगलेत धरून त्यांना बसवायचे. आणि तोंड सुरूच.

"बुडले टाक ना! खोडवर काय टाकस, आंघोळ घालस का तिले?" आबा बादलीवरून ओरडायचे.

"तू मले शिकाडू नको. मन्ही पपई मांगनी साल देखी व्हती का?"

"देखी व्हती. पपई कमी, पानच जास्त."

"तुन्हा डोया तव्हय बी खराब व्हतात."

असं सकाळ-संध्याकाळ, रोज. माझ्या कमरेचा काटा ढिला झाला, हाताला घट्टे पडले, आणि ह्या दोघांची बडबड ऐकून कान किटले. ह्यांनी कारखान्यातून रजा काढली आणि पहिल्यांदा पपईला स्वतः जाऊन विचारलं, कशी आहेस. काही रोपं गेली. शेवटच्या ओळीतली तर जवळजवळ सगळीच गेली, ती उपटताना मला पोटचं पोर गेल्यासारखं वाटलं. पण बाकीच्यांनी मान वर केली.

अखाजीला घागरी भरल्या, पितरांना नैवेद्य दाखवला. आप्पांचे आणि आमचे पितर एकच, म्हणून आप्पा यंदा आमच्याकडेच जेवायला आले, तेही कोणी न बोलावता. दुपारी ओसरीत पत्त्यांचा डाव बसला. अखाजीला पत्ते खेळले नाहीत तर सण झाला असं कोणी मानत नाही. आबा खाटेवर, आप्पा खाली, शेजारचे इंद्रसिंग आणि गल्लीतले दोघंतिघं.

मी आत आंबे पिळत होते. हात कोपरापर्यंत रसाचे. इंद्रसिंगांचा आवाज आला, "हिलालभाऊ, मंग यंदा वावर कोनले देस? आज सांगनं पडी."

माझे हात थांबले. अखाजीपर्यंत पपई उभी राहिली होती, पण पूर्ण नाही. शेवटची ओळ गेली होती. आबांनी ठरवलं असतं तर त्या ओळीकडे बोट दाखवता आलं असतं. मी तशीच रसाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिले.

आबांनी पत्त्यांतून मान वर केली नाही. "मन्हाकडे काय देखस? वावर तिन्हं शे. तिले इचार."

सगळे माझ्याकडे वळले. आजवर त्या ओसरीत मला कोणी चहाशिवाय काही विचारलं नव्हतं. आप्पा पानं छातीशी धरून म्हणाले, "देस का मंग मले, पोरी? निमबटाईवर?" डोळ्यांत मिस्किली होती. थट्टा करत होते.

पण मी थट्टा केली नाही. "नही," मी म्हटलं. "आप्पा, तुमनं वावर द्या मले. निमबटाईवर."

कोणीतरी खोकलं. इंद्रसिंगांच्या हातातलं पान तसंच राहिलं. बोलून गेले ते गेले, आणि मला ते मागे घ्यायचंही नव्हतं. सुरतेची पोरं काही नांगर धरायला परत येणार नव्हती. ते मला माहीत होतं आणि आप्पांनाही.

आप्पांनी छातीशी धरलेली पानं खाली केली. मिस्किली गेली होती. मग म्हणाले, "आन दोन वावरले पानी कोन भरी?"

"तू आन मी," आबा म्हणाले. "खेळ आते. तुन्हा डाव शे."

आप्पांनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि पान टाकलं. डाव पुढे सुरू झाला. मी आत आले आणि चुलीपाशी मटकन बसले. सासूबाई पुरणाची पोळी उलथत होत्या. माझ्या गालावरून पाणी वाहत होतं आणि हात रसाचे म्हणून पुसताही येत नव्हतं.

"काय व्हयनं व?" त्या घाबरून म्हणाल्या. "दी टाकं का वावर?"

"नही, आई. भेटनं."

"कोनतं?"

"दोन्ही."